दोन शहरांत मुक्काम, बाकी सारे रेल्वेने: राजारामपुरीतील एका प्रवास-नियोजन सेवेविषयी

जपानच्या आमच्या पहिल्या सहलीची आखणी कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका लहान प्रवास कार्यालयाने केली, आणि मुक्कामाची शहरे निवडण्यातील त्यांची जाण मला मनापासून आवडली. रोज नवे हॉटेल देणारे तयार पॅकेज पुढे न करता त्यांनी टेबलावर रेल्वेचा नकाशा पसरला, टोकियो व ओसाका यांभोवती पेन्सिलने वर्तुळे काढली आणि सकाळी निघून रात्री परतता येईल अशी ठिकाणे त्यांना जोडून दाखवली: टोकियोतून कामाकुरा आणि निक्को, ओसाकातून नारा, हिमेजीचा किल्ला व क्योटो. क्योटो ओसाकाहून जलद गाडीने अर्ध्या तासावर असल्यामुळे तिथे वेगळा मुक्काम टळला. पहाटेची शांत देवळे हवी असणाऱ्यांनी मात्र क्योटोतच राहावे, असे माझे मत आहे.

टोकियोला उतरून परतीचे विमान ओसाकाच्या कान्साई विमानतळाहून धरल्याने उलटा फेराही वाचला. रेल्वे पासचा आग्रह त्यांनी धरला नाही, आणि ते योग्यच होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली, तर टोकियो-ओसाका शिंकानसेनचे (बुलेट ट्रेनचे) एकेरी तिकीट त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी पडते.

उणीव एकच. हॉटेल स्थानकाच्या कोणत्या दारापाशी आहे, हे त्यांनी लिहून दिले नव्हते, आणि टोकियोतील शिंजुकूसारख्या दोनशेहून अधिक दारांच्या स्थानकात सामान घेऊन चालणाऱ्या ज्येष्ठांना तेच सर्वांत आधी कळायला हवे.