लुईस मोहऱ्यांची धातूची प्रतिकृती: आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी हा बुद्धिबळाचा संच घेतला तो वजिरासाठी. वजीर म्हणजे इथे राणीच: सिंहासनावर बसलेली, उजवा हात गालाला लावून डोळे विस्फारून समोर बघणारी. धातूतही तिच्या चेहऱ्यावरची ती चिंता अगदी नेमकी उतरली आहे.

मूळ मोहरे १८३१ मध्ये स्कॉटलंडच्या लुईस बेटावर सापडले. बाराव्या शतकातले, बहुतांश वॉलरस या समुद्री प्राण्याच्या सुळ्यांत कोरलेले. त्या घबाडातल्या ८२ वस्तू ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहेत, ११ एडिंबरात. हत्तीच्या जागी तिथे पायदळाचा शिपाई असतो. त्यातले काही शिपाई लढाईच्या आवेशात स्वतःची ढाल चावताना दाखवलेत. माझ्या संचात तसा एक आहे आणि त्याचे दात मोजता येतात, इतकं ओतकाम स्वच्छ आहे.

खेळायला बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली, जी विकत घेताना डोक्यातही नव्हती. आपल्या मोहऱ्यांचे चेहरे प्रतिस्पर्ध्याला दिसतात, आपल्याला दिसते ती त्यांची पाठ! सिंहासनाच्या पाठीवरची वेलींची गुंफण, राजाच्या पाठीवर रुळणाऱ्या वेण्या, हेच तासभर डोळ्यांसमोर राहतं. इथे ते काम खोल आणि रेखीव आहे, म्हणूनच हा संच मला अजून आवडतो.

आता उणिवा. आतला धातू जस्ताचा मिश्रधातू आहे, वरून ब्राँझचा रंग. घोड्यांच्या कानांवर बोटं लागून लागून तो उडाला आणि खालचा करडा धातू दिसायला लागला. एका प्याद्याला मी पितळेची पॉलिश लावली, तर खाचांतला काळा रंग निघून गेला आणि ते कोरंकरकरीत, परकं दिसू लागलं. तेव्हापासून फक्त कोरडं मऊ कापड. घोड्यांच्या पोटाखाली साच्याची शिवणही हाताला लागते. तिसऱ्या महिन्यात चार प्याद्यांच्या तळाचं फेल्टचं मऊ कापड सुटलं. मला कळेपर्यंत पटावर ओरखडे पडले होते.

सगळ्यात मोठी अडचण रंगांची आहे. एक बाजू तांबूस, दुसरी करडी. दिवसा ठीक, पण रात्री पिवळ्या दिव्याखाली दोन्ही सारख्याच दिसतात. दोनदा मी समोरच्याचं प्यादं उचललंय. जलद डावासाठी हा संच नाहीच, मोहरे जड आहेत. निवांत, लांब डावाला मात्र तो जडपणा हवाहवासा वाटतो.

घ्यायचा विचार असेल तर विक्रेत्याकडून राजाच्या पाठीचा फोटो जरूर मागवा. समोरून सगळेच संच चांगले दिसतात.