आठ भागांचं मेंदूचं मॉडेल: भाषा शिकवायला घ्यावं का?

घ्यावं. पण एक गोष्ट आधी माहीत हवी: या मॉडेलचा मुख्य जोड नेमका भाषेच्या प्रदेशातून जातो.

मेंदू मधोमध उभा कापलेला असतो आणि प्रत्येक अर्ध्याचे चार तुकडे असतात. फ्रंटल (कपाळामागचा) आणि पॅरायटल (त्यामागचा, वरचा) लोब मिळून एक, टेम्पोरल (कानाजवळचा) आणि ऑक्सिपिटल (सर्वांत मागचा) मिळून दुसरा, शिवाय मस्तिष्कस्तंभाचा अर्धा भाग आणि छोट्या मेंदूचा अर्धा भाग. पहिले दोन तुकडे सिल्व्हियन फिशरच्या (टेम्पोरल लोबच्या वरच्या खोल खाचेच्या) रेषेत आणि तिथून मागे सुटे होतात. बोलणं समजण्याशी जोडलं जाणारं वेर्निके क्षेत्र खालच्या तुकड्यावर येतं, त्याला खेटून असलेला सुप्रामार्जिनल जायरस (पॅरायटल लोबमधली एक वळी) वरच्यावर. मॉडेल दोन-चारदा उघडलं की विद्यार्थ्याला हे दोन वेगळे खंड वाटू लागतात. खऱ्या मेंदूत तो एकसंध पट्टा आहे.

बहुतेकांत भाषा डाव्या अर्ध्यात असते, म्हणून विकत घेण्याआधी त्यावर एक तपासणी करा. सिल्व्हियन फिशरच्या पुढच्या टोकापाशी दोन आखूड फाटे फ्रंटल लोबमध्ये शिरलेले दिसायला हवेत, एक साधारण आडवा, एक वर चढणारा. त्या दोघांमधला त्रिकोण म्हणजे पार्स ट्रायँग्युलॅरिस. चढत्या फाट्याच्या मागे, प्रीसेंट्रल खाचेपर्यंत, पार्स ऑपर्क्युलॅरिस. बोलण्याशी जोडलं जाणारं ब्रोका क्षेत्र म्हणतात ते हे दोन मिळून, ब्रॉडमनच्या नकाशातले (मेंदूच्या पृष्ठभागाला क्रमांक देणाऱ्या) ४५ आणि ४४. फाटेच सापडत नसतील तर वळ्या नुसत्या शोभेच्या आहेत. असं मॉडेल भाषेसाठी घेऊ नका. रंगीत ठिपका मारून खाली ‘ब्रोका’ लिहिलेलं असणं हा दर्जाचा पुरावा नव्हे.

त्या ठिपक्याने एक जुना गैरसमजही पक्का होतो. १८६१ मध्ये फ्रेंच डॉक्टर ब्रोकाने ज्याचा मेंदू तपासला तो रुग्ण ‘टॅन’ एवढाच उच्चार करू शकत असे. तो मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवला गेला, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमआरआय अभ्यासात इजा पृष्ठभागाखाली खोलवर, इन्सुला (सिल्व्हियन फिशरच्या आत दडलेला भाग) आणि पांढऱ्या द्रव्यातल्या तंतूंपर्यंत गेलेली दिसली. मॉडेल पृष्ठभाग दाखवतं, तंतू दाखवत नाही. माझ्या मते हीच त्याची सर्वांत मोठी उणीव.

ती लोकरीने बऱ्यापैकी भरून निघते. आर्क्युएट फॅसिक्युलससाठी (या दोन भाषा-क्षेत्रांना जोडणारा तंतूंचा गठ्ठा) लाल लोकरीचा साधारण २५ सें.मी. तुकडा घ्या. एक टोक ब्रोका क्षेत्रावर दुहेरी टेपने चिकटवा, धागा मागे नेत सिल्व्हियन फिशरच्या टोकाला वळसा द्या आणि टेम्पोरल लोबच्या मागच्या भागावर उतरवा. जास्तीचा धागा कापा. खालचं टोक चिकटवू नका, चिमट्याने धरा. नाहीतर मॉडेल उघडताना पहिल्याच दिवशी धागा तुटेल. खरा गठ्ठा आत खोल असतो, हे तिथेच सांगा. ऐकलेले ध्वनी उच्चारापर्यंत पोहोचवणारी ही वरची वाट. शब्दाच्या अर्थाशी निगडित खालची वाट टेम्पोरल लोबमधून इन्सुलाच्या आतल्या बाजूने पुढे जाते. टेम्पोरल तुकडा काढल्यावर इन्सुला उघडा पडतो, त्यावर पिवळा धागा ठेवा. कंडक्शन प्रकारच्या वाचाघातात (मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडण्यात) माणूस ओघाने बोलतो, त्याला बऱ्यापैकी समजतं, पण ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणता येत नाही. लाल धागा समोर असला की हे चटकन पटतं. फक्त, दोष नेहमी धाग्यातच असतो असं शिकवू नका. सुप्रामार्जिनल जायरसच्या आसपासच्या इजेनेही तेच घडतं.

टेम्पोरल तुकड्याची वरची बाजू हा या मॉडेलचा खरा लाभ. बाहेरून कधीच न दिसणारी हेश्लची आडवी वळी (जिथे ऐकलेला आवाज पोहोचतो) आणि तिच्यामागचं सपाट क्षेत्र, प्लॅनम टेम्पोराले, इथे बोट ठेवून दाखवता येतं. मात्र डावं आणि उजवं पडताळून पाहा. १९६८ मध्ये गेश्विंड आणि लेव्हिट्स्की यांनी १०० मेंदू मोजले. प्लॅनम ६५ मध्ये डावीकडे मोठं होतं, ११ मध्ये उजवीकडे. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या असतील, तर हा फरक तोंडी सांगावा लागेल.

रुग्णाच्या नातेवाइकांना समजावायचं असेल तर धमन्या असलेलं मॉडेल घ्या. मिडल सेरेब्रल धमनीची वरची शाखा ब्रोका क्षेत्राला आणि शेजारच्या हालचालीच्या पट्ट्याला रक्त पुरवते, खालची वेर्निके क्षेत्राला. बोलणं अडखळतं तेव्हा बहुधा उजवा हातही का लुळा पडतो, आणि अर्थहीन पण ओघवतं बोलणाऱ्याचा हात बऱ्याचदा शाबूत का असतो, याचं उत्तर धमनीच्या त्या दोन शाखांत आहे.

मधला उभा छेदही कामाचा. १८९२ मध्ये फ्रेंच मज्जातज्ज्ञ डेजेरिनने लिहायला येणारा, पण स्वतः लिहिलेलंही वाचू न शकणारा रुग्ण नोंदवला. इजा दाखवायला डावा ऑक्सिपिटल लोब आणि कॉर्पस कॅलोसमचं (दोन्ही अर्ध्यांना जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्याचं) मागचं टोक, स्प्लेनियम, या दोन जागांवर चिकटपट्टी लावा. उजव्या मेंदूला अक्षरं दिसतात, पण डावीकडे जायचा पूल बंद आहे. छोट्या मेंदूबद्दल विचारलं तर उजवा अर्धा उचला, कारण डाव्या मोठ्या मेंदूची जोडी त्याच्याशी असते.

जोडणीसाठी लोहचुंबक असलेलं मॉडेल निवडा. प्लास्टिकच्या खुंट्या तुकडा तिरका ओढला की मोडतात, आणि मोडकी खुंटी भोकात अडकते. स्पिरिटने पुसू नका, रंग उतरतो. साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं पुरे. मार्करने थेट प्लास्टिकवर लिहू नका, कागदी चिकटपट्टीवर लिहून ती लावा.