टेनिस बॉलची बॅट: मागून कोरलेली की भरीव?

कापूस घरात आला की वऱ्हाडात गावोगाव टेनिस बॉलचे सामने लागतात आणि बॅटवरून वाद रंगतो. पोरं मागून कोरलेली स्कूप बॅट आणतात. जुने गडी काश्मीर विलोच्या, म्हणजे काश्मिरी विलो लाकडाच्या, भरीव बॅटवर अडून: "भाऊ, हलकी बॅट फिरते, पन बॉल कुठी जाते?"

माझा कौल कोरलेलीला. लेदर बॉल 156 ते 163 ग्रॅमचा. टेनिस बॉल त्याहून बराच हलका, त्याला लाकडाच्या वजनापेक्षा बॅटचा वेग मानवतो. भरीव बॅटचा आडवा फटका हमखास उशिरा पोचतो. मात्र आपल्या काळ्या मातीच्या पिचवर बॉल खाली राहतो, म्हणून फुगवटा, म्हणजे पात्याचा सगळ्यात जाड भाग, बुडाकडे असलेलीच घ्या. दुकानदार मधला दाखवेल, ऐकू नका.

भरीव बॅट लेदरलाही चालते, एवढंच तिचं खरं मोठेपण. तिला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. जड वाटली तर सुताराकडून तासून घेऊ नका. दांड्याला पावडर लावून दुसरी ग्रिप चढवा. तोल हाताकडे सरकतो, तीच बॅट हलकी लागते.