जेलच्या दारात गेलेले ४६,७०० रुपये

आधी आकडा सांगते, म्हणजे पुढचं कुणी हलक्यात घेणार नाही. २००, ३,०००, ६,५००, २५,००० आणि १२,०००. एकूण ४६,७०० रुपये, जेलमधल्या भावाच्या नावावर भामट्यांनी माझ्याकडून उकळलेले. माझा पगार विचाराल तर ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे, तेवीस वर्षं. रोज पोरांचे फॉर्म मीच तपासते, कुणाचा दाखला खोटा आहे ते लांबून ओळखते. तरी फसले. हे लिहायला दोन महिने लागले, कारण लाज वाटत होती. आता लाजेपेक्षा राग जास्त झालाय.

धाकटा भाऊ गेल्या वर्षापासून मध्यवर्ती कारागृहात आहे, कच्चा कैदी म्हणून. त्याने काय केलं, केलं की नाही, ते कोर्ट ठरवेल, ते इथे लिहिणार नाही. ज्यांचं माणूस आत आहे त्यांना सांगायला नको की घरातलं माणूस आत गेलं की अर्धी शिक्षा बाहेरचे भोगतात. आमच्या गावापासून जेल एकशे चाळीस किलोमीटर. पहाटेची एसटी, मग रिक्षा, मग रांग, मग काचेपलीकडून इंटरकॉमवर वीस मिनिटं. त्यातली पाच मिनिटं नुसती 'ऐकू येतंय का' यात जातात. भावजय माहेरी गेली ती परत आली नाही. नऊ वर्षांची पोर माझ्या आईजवळ असते, आई एकाहत्तर वर्षांची. पोरगी दर आठवड्याला विचारते, आत्या, पप्पा काय म्हणाले?

तर तो माणूस मला गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात भेटला. पांढरा शर्ट, काखेत फाइल, चाळिशीचा असेल. दुकानदार त्याला नावाने हाक मारत होता, पहाऱ्यावरचा शिपाईसुद्धा त्याच्याकडे बघून हसला. मला म्हणाला, ताई, दर वेळी एवढ्या लांबून कशाला येता, ई-मुलाकात करा, घरून मोबाइलवर बोलता येतं. दोनशे रुपयांत फॉर्म भरून देतो. मी आधार कार्ड दिलं, भावाचा बंदी क्रमांक दिला, बराक सांगितली, मोबाइल नंबर दिला, आलेला ओटीपीसुद्धा वाचून दाखवला.

आणि ती भेट खरोखर झाली! चार दिवसांनी लिंक आली, स्क्रीनवर भाऊ दिसला, आईने मोबाइलच्या काचेवरून हात फिरवला. पोरगीने वही दाखवली. त्या दिवशी आमच्या घरात कुणी जेवायचं नाव घेतलं नाही, इतका आनंद होता. आता कळतंय की ई-मुलाकात ही सरकारी सोय आहे, केंद्र सरकारच्या ई-प्रिझन्स पोर्टलवर नाव, ओळखपत्र आणि कैद्याचा तपशील भरायचा, ओटीपी टाकायचा, झालं. एक पैसा लागत नाही. पण पहिल्यांदा त्याने सांगितलं ते खरं ठरलं म्हणूनच पुढचं सगळं मी खरं मानलं. हे लोक असंच करतात. फुकट मिळणारी खरी गोष्ट आधी विकतात, मग नसलेली गोष्ट विकतात.

ओटीपी कुणाला वाचून दाखवू नका, जेलच्या दारात तर नाहीच. बंदी क्रमांकसुद्धा देऊ नका.

पुढे त्याने जेलच्या कॅन्टीनचं काढलं, म्हणजे आत खरेदी करता यावी म्हणून भावाच्या खात्यात पैसे टाकायचं. मी तोपर्यंत भावाला मनीऑर्डर करत होते, २,००० रुपयांना १०० रुपये कमिशन. हा म्हणाला, मनीऑर्डर पंधरा पंधरा दिवस पडून राहते, मी थेट आतल्या खात्यात टाकतो. ३,००० त्याच्या नंबरवर पाठवले. पुढच्या भेटीत भाऊ म्हणाला, काही आलं नाही, अक्का. मी याला विचारलं तर म्हणाला, महिनाअखेरीला नोंद होते. माझी एक मनीऑर्डर खरंच बारा दिवसांनी पोचली होती, म्हणून मला पटलं. तुम्हालाही पटलं असतं. आत काय चालतं ते कुठे लिहून लावलेलं असतं का? गेटवर विचारलं की 'पुढे सरका' एवढंच उत्तर मिळतं.

६,५०० मात्र मी स्वतःला कधी माफ करणार नाही. ते गळाभेटीचे. कारागृहात गळाभेट होते, पोरं आत जातात, बापाच्या मांडीवर बसतात, वर्तमानपत्रात त्याचे फोटो येतात, तुम्हीही पाहिले असतील. असाच एक फोटो त्याने मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि म्हणाला, यादीत नाव घालायचं तर आज सांगा, जागा कमी आहेत. मी विचार केला नाही. पोरीला मी सांगूनही टाकलं. तिने आजीकडून नवा फ्रॉक घ्यायला लावला, पिवळा. गळाभेट ही शिक्षा झालेल्या कैद्यांच्या मुलांसाठी असते, कारागृह स्वतः घेतं, तिला पैसे लागत नाहीत, आणि माझा भाऊ तर कच्चा कैदी, त्याचं नाव त्या यादीत येणारच नव्हतं, हे सगळं मला नंतर कळलं. त्या पोरीला काय सांगायचं होतं मी?

आता ती रात्र. गुरुवार होता, आठ चाळीसला फोन आला, नंबर वेगळा. डीपीवर खाकी वर्दीतला माणूस. आवाज जड, घाई नाही. म्हणाला, मी तुरुंगाधिकारी बोलतोय, तुमचा भाऊ अमुक, बंदी क्रमांक तमुक, बराक अमुक, बरोबर? सगळं बरोबर. म्हणाला, आत्ता झडतीत याच्याकडे मोबाइल सापडलाय, माझ्यासमोर उभा आहे, रडतोय. नवीन गुन्हा दाखल होणार आणि उद्या सकाळच्या गाडीने याची अमरावतीला रवानगी. तुमचा फॉर्म भरणारा माणूस ओळखीचा आहे म्हणून फोन केला, नाहीतर आम्ही कळवत नाही.

अमरावती. कुठे आमचं गाव आणि कुठे अमरावती. आई या वयात एकदाही जाऊ शकली नसती. मी वर्षातून दोनदा गेले असते. मला मोबाइलची भीती वाटली नाही, गुन्ह्याची वाटली नाही, फक्त हेच दिसलं की आता तो दिसणार नाही. म्हणाला, २५,०००, आत्ता, दहा मिनिटांत, मग कागद पुढे जातो. मी पाठवले. पुन्हा फोन आला, दुसऱ्या साहेबांचे १२,०००. माझ्याकडे भिशीचे आलेले होते, तेही पाठवले. आठ बावन्नला पहिले, नऊ वीसला दुसरे.

आणि इथेच मला कळायला हवं होतं. एप्रिलच्या भेटीत भावाने मला स्वतः सांगितलं होतं, 'साडेपाचला गिनती होते आणि आत कोंडतात, मग सकाळपर्यंत काही नाही. संध्याकाळ सरता सरत नाही, अक्का.' हे वाक्य मी घरी येऊन आईला सांगितलं होतं. त्यावर आम्ही दोघी रडलो होतो. रोज साडेपाच वाजले की माझं लक्ष घड्याळाकडे जायचं, आता कोंडला असेल म्हणून. रोज! आणि त्या रात्री आठ चाळीसला कुणीतरी मला सांगतं की भाऊ त्या साहेबासमोर उभा आहे, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की तो या वेळी बराकीत कुलपाआड असतो. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते एका मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. तेही मी वाचलं. वाचून पिन टाकला. मला वाटलं, लाच कुणी स्वतःच्या नावावर घेतं का.

हो, लाच. लिहिते ते खरं लिहिते. मी लाच देतेय असं समजूनच ते पैसे दिले. ज्यांच्या घरातलं माणूस आत नाही त्यांनी मला शिकवू नये.

सकाळी दहाला परत फोन, आणखी ३०,०००. तेव्हा माझ्याकडे खरंच नव्हते. जेलच्या लँडलाइनवर सोळा वेळा फोन लावला, कुणी उचलला नाही. शेवटी एसटीत बसले. गेटवर पोचले तर, आज तुमचा भेटीचा वार नाही. मी म्हटलं, भेट नको, भाऊ आत आहे का तेवढं सांगा, त्याची रवानगी झाली का तेवढं सांगा. 'अशी माहिती देता येत नाही.' एक शब्द. हो किंवा नाही. तेवढा एक शब्द आदल्या रात्री कुणी फोनवर दिला असता तर माझे ३७,००० वाचले असते. रांगेतल्या एका बाईला मी सगळं सांगितलं, ती मुलाला भेटायला आली होती. ती म्हणाली, 'रात्री पावणेनऊला? अहो, साडेपाचला आत घालतात की त्यांना.' तेव्हा माझे पाय गळाले.

तिथेच फुटपाथवर उभी राहून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, दुपारचे चार वाजले होते. म्हणजे एकोणीस तास उलटून गेले होते. तुम्ही एकोणीस मिनिटंही थांबू नका. खात्री करत बसू नका, घरच्यांना विचारत बसू नका, आधी १९३० लावा आणि व्यवहार क्रमांक सांगा. त्या दुकानाच्या खात्यात तोपर्यंत ४,२१२ रुपये उरले होते, तेवढे गोठवले. बाकीचे पुढे कुठे कुठे गेले.

पोलीस ठाण्याचं काय सांगू. पहिला प्रश्न, 'भाऊ कशात आहे आत?' ते ऐकल्यावर समोरच्याचा चेहराच बदलला. दुसरा प्रश्न, 'पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवले ना?' मग म्हणे, लाच देणंसुद्धा गुन्हा आहे बाई, लिहून घेतलं तर तुम्हीच अडकाल. मी खरंच घाबरून घरी आले. आठ दिवस गेले त्यात. मग जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात गेले, ते म्हणाले फोन जेलच्या शहरातून आलाय, तिकडे जा. त्या शहरात गेले तर पैसे तुमच्या गावातून गेलेत, तिकडे जा. बँकेत गेले तर मॅनेजर म्हणाले, पिन तुम्ही टाकला म्हणजे व्यवहार अधिकृत. पोलीस म्हणतात बँकेचं पत्र आणा, बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून, नाहीतर या खेपांतच आणखी हजारभर गेले असते. जेलच्या ऑफिसात लेखी अर्ज दिला की तुमच्या दारात बसून हा माणूस लोकांना लुटतो. उत्तर आलं, आवाराबाहेरच्या इसमांशी कार्यालयाचा संबंध नाही. आवाराबाहेर म्हणजे किती बाहेर? तुमच्या गेटपासून वीस पावलांवर आहे ते दुकान! तुमचा शिपाई त्याला हसून ओळख देतो. एक फलक लावायला काय जातं, की ई-मुलाकात मोफत आहे, गळाभेट मोफत आहे, इथे कुणाला पैसे देऊ नका? एवढ्या मोठ्या भिंतीवर एका फलकाला जागा नाही? ज्यांच्या ताब्यात आमचं माणूस आहे ते आमच्याशी बोलत नाहीत, म्हणून जो बोलतो त्याचं आम्ही ऐकतो. मी त्या माणसाचं ऐकलं ते एवढ्याचसाठी.

एकच जागा अशी मिळाली जिथे मला खुर्ची दिली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणारं सरकारी कार्यालय. तिथल्या वकीलबाईंनी सांगितलं की फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमात तसं आहे. आणि लाचेचं म्हणाल तर इथे कुणी अधिकारी नव्हताच, ही तोतयेगिरी आहे. खऱ्या अधिकाऱ्याने जबरदस्तीने पैसे घेतले तरी सात दिवसांच्या आत तक्रार केली तर देणाऱ्यावर तो गुन्हा लागत नाही. लाचलुचपत खात्याचा नंबर १०६४. हे मला त्या ठाण्यात कुणी सांगितलं नाही, उलट भीती घातली. आणखी एक, कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्यानेच तो हक्क दिलाय. त्यासाठी विधी सेवेचा फोन १५१००. आम्ही पहिल्या वकिलाला किती दिले ते आता लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे.

त्यांनी माझ्यासोबत एक माणूस पाठवला तेव्हा कुठे गुन्हा नोंदवला गेला, बावीस दिवसांनी. ते ४,२१२ रुपये अजून सोडवायचे आहेत.

रात्री कुणीही फोन करून रवानगी, मारामारी, दवाखाना, झडती असं काही सांगितलं तर फोन ठेवा. पैसे मागितले की ठेवाच. दुसऱ्या दिवशी वकिलामार्फत विचारा. भावाच्या वकिलाने सोमवारी कोर्टाच्या व्हिडिओवरच्या तारखेला त्याला पाहिलं, तो होता तिथेच होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. तीन दिवस मी आईला काही कळू दिलं नव्हतं.

भावाला मी पुढच्या भेटीत काचेपलीकडून सांगितलं. तो बराच वेळ इंटरकॉम कानाला लावून नुसता बसला. मग म्हणाला, 'मला पैसे नको पाठवू, अक्का.' मी तरी पाठवले, मनीऑर्डरने, २,००० आणि वर १०० कमिशन. पावती पर्समध्ये आहे. तो पांढऱ्या शर्टवाला अजून त्याच दुकानात बसतो, गेल्या मंगळवारी मी पाहिला. त्याच्यासमोर एक म्हातारे गृहस्थ आधार कार्ड काढून उभे होते. मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं, रस्त्यापलीकडच्या झाडाखाली बसवलं आणि माझ्या मोबाइलवर त्यांचा फॉर्म भरून दिला. सात मिनिटं लागली.