लिंकन कॉन्टिनेंटल की कॅडिलॅक डे व्हिल? साठच्या दशकातली मोठी अमेरिकन गाडी घेण्याआधी

मुंबईत एके काळी अमेरिकन गाड्यांची वाण नव्हती. शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून होता, पुढे कुर्ल्याला प्रीमियर डॉज-प्लायमाउथ जोडू लागली. लांबलचक गाडी दिसली की ती कोणत्याही कंपनीची असो, लोक तिला 'इम्पाला' म्हणून मोकळे व्हायचे. ती ओढ मनात ठेवून आज अमेरिकेत राहणाऱ्या कुणी साठच्या दशकातली नीट जपलेली बडी गाडी घ्यायची ठरवली, तर गाडं बहुधा दोन नावांपाशी अडतं: लिंकन कॉन्टिनेंटल आणि कॅडिलॅक डे व्हिल. गाडी भारतात नेण्याचा विचार असेल तर आयातशुल्क आणि डावं स्टिअरिंग ही निराळीच लढाई आहे, ती इथे नाही.

आमचं मत आधीच सांगतो. दर रविवारी चालवायची असेल तर १९६५ ची किंवा त्यानंतरची कॅडिलॅक. गॅरेजचं दार उघडून नुसतं बघतानाही समाधान हवं असेल, आणि खिसा व धीर दोन्ही शाबूत असतील, तर लिंकन.

आधी १९६५ सालच्या चार दारी मॉडेलचे आकडे:

| | लिंकन कॉन्टिनेंटल | कॅडिलॅक डे व्हिल |
|---|---|---|
| लांबी | ५.४९ मीटर | ५.६९ मीटर |
| व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) | ३.२० मीटर | ३.२९ मीटर |
| वजन | सुमारे २,३०० किलो | सुमारे २,०५० किलो |
| इंजिन | ४३० घनइंच व्ही-८, ३२० अश्वशक्ती | ४२९ घनइंच व्ही-८, ३४० अश्वशक्ती |
| पुढचे ब्रेक | डिस्क | ड्रम |
| रचना | युनिबॉडी (वेगळी चॅसी नाही) | वेगळी चॅसी |

कॅडिलॅक लांब असूनही अडीचशे किलोंनी हलकी आहे. पण खरेदीचा निम्मा निर्णय शेवटच्या ओळीवर व्हायला हवा.

१९६१ ची कॉन्टिनेंटल एल्वूड एंगल यांनी रेखाटली. मुळात तो थंडरबर्डसाठी केलेला मातीचा नमुना होता. फोर्डमध्ये तेव्हा वरच्या पदावर असलेल्या रॉबर्ट मॅकनमारांच्या तो नजरेत भरला आणि त्याची चार दारी लिंकन झाली. आधीच्या लिंकनवर क्रोमचा नुसता सडा होता. या गाडीवर हेडलाइटपासून मागच्या दिव्यापर्यंत फेंडरच्या कडेने जाणारी चकचकीत पट्टी तेवढी उरली. मागची दारं मागच्या बाजूला बिजागरी लावून उलटी उघडतात, तेही शोभेपुरतं नाही. आखूड व्हीलबेसमध्ये मागून उतरताना पाय दाराला अडत होता. विक्सम, मिशिगनच्या कारखान्यात प्रत्येक इंजिन तीन तास ३,५०० आरपीएमवर चालवून उघडून तपासत, आणि तयार गाडी १२ मैल रस्त्यावर फिरवून मगच बाहेर सोडत. वॉरंटी दोन वर्षं किंवा २४,००० मैलांची. एवढी काळजी घेऊनही १९६१ ते ६३ च्या गाडीत मागे बसणाऱ्याचे गुडघे अडायचे, म्हणून १९६४ ला व्हीलबेस तीन इंचांनी वाढवला. त्याच वर्षी बाजूच्या वक्र काचा जाऊन सपाट आल्या. देखणेपणात ती थोडी घट झाली, असं आम्हाला वाटतं.

कॅडिलॅकचं सौंदर्य वेगळ्या जातीचं. १९५९ चे ते प्रचंड पंख वर्षागणिक खाली येत गेले आणि १९६५ ला जवळपास नाहीसे झाले. उभे दुहेरी हेडलाइट आले, आणि चॅसी पूर्ण बदलली. आधी इंग्रजी एक्स अक्षरासारखी मधोमध जुळणारी चॅसी होती, तिला बाजूचा दांडाच नव्हता. नवी चॅसी गाडीच्या कडेने जाते. आतल्या सोयींत कॅडिलॅक त्या काळाच्या पुढे होती: तापमान ठरवून दिलं की स्वतः सांभाळणारा कम्फर्ट कंट्रोल एसी आणि अंधार पडल्यावर आपोआप लागणारे दिवे १९६४ ला, गरम होणारी सीट १९६६ ला. लिंकनमध्ये बसलं की शिस्त जाणवते, कॅडिलॅकमध्ये बसलं की लाड.

आता गंज. लिंकनला वेगळी चॅसी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. म्हणून दाराखालचे सिल, पुढच्या चाकामागे फ्लोअरखाली असलेले टॉर्क बॉक्स किंवा मागच्या ॲक्सलवरचे दांडे सडले, तर तो रंगकामाचा प्रश्न राहत नाही. गाडी वाकते. तपासायची सोपी रीत अशी: गाडी सपाट जमिनीवर असताना चारही दारांच्या फटी पाहा. मग एका बाजूला पुढच्या चाकामागे, कारखान्याने दिलेल्या जागी जॅक लावून चाक उचला, जॅकस्टँड ठेवा आणि दारं पुन्हा उघडून मिटा. पुढचं आणि मागचं दार एकाच मधल्या खांबावर बंद होतं, त्यामुळे सांगाडा खचलेला असेल तर तिथेच अडतं. विकणारा जॅक लावू देत नसेल तर चहा पिऊन परत फिरा.

कॅडिलॅकचा गंज बहुतेक वेळा दुरुस्तीच्या आवाक्यातला असतो. बॉडी आणि चॅसीमधले रबरी माउंट, मागच्या चाकांवर चॅसी जिथे वर वळते तो भाग, डिकीचा तळ आणि मागच्या काचेची खालची खाच पाहा. व्हिनाइलचं छप्पर असेल तर जास्त सावध राहा. त्याखाली ओल अडकते, पत्रा आतून खाल्ला जातो आणि वर फक्त बारीक फोड दिसतात. फोडावर अंगठा दाबून मऊ लागलं, तर छप्पर काढल्याशिवाय नुकसान कळणार नाही.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र सोबत न्या. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. दुसऱ्यांदा रंगवलेल्या गाडीत त्याच्या दुप्पट येऊ शकतो आणि ते चालतं. ५०० च्या वर गेला की खाली पुट्टी आहे असं धरा. जनरल मोटर्सचा मूळ लॅकर बारीक भेगाळतो. तो दोष दिसला तर उलट बरं, कारण रंग मूळचा असल्याचा तो चांगला पुरावा आहे.

गाडीने आयुष्य कुठे काढलं हे मैलांपेक्षा महत्त्वाचं. मिशिगन, ओहायो, न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून पत्रा खातं. ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियात पत्रा टिकतो, पण ऊन डॅशबोर्ड, लेदर आणि दारांची रबरं भाजून काढतं. दोन्हींतून निवडायचं तर उन्हातली घ्या. सीट शिवून मिळतात, सांगाडा शिवून मिळत नाही.

यंत्राच्या बाबतीत आमचं माप स्पष्टपणे कॅडिलॅककडे झुकतं. टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा गिअरबॉक्स जनरल मोटर्सने इतक्या गाड्यांत वापरला की अमेरिकेतला कोणताही जुना ट्रान्समिशनवाला तो उघडून देतो. ४२९ इंजिनचं पुढचं टायमिंग कव्हर ॲल्युमिनियमचं आहे आणि त्यातून कूलंट फिरतं. नुसतं पाणी घालून चालवलेल्या गाडीत ते आतून कुरतडलं जातं, म्हणून रेडिएटरचं झाकण उघडून पाण्याचा रंग पाहा. १९६८ पासून आलेलं ४७२ घनइंची, ३७५ अश्वशक्तीचं इंजिन आणखी दणकट आहे, पण त्याच्या कॅमशाफ्टच्या दातेरी चाकावर नायलॉनचे दात आहेत. वयानुसार ते ठिसूळ होऊन तुटतात, तुकडे ऑइल चेंबरमध्ये पडतात आणि पंपाची जाळी तुंबवतात. कधी बदललं त्याची पावती नसेल तर बदललेलं नाही असं समजा आणि धातूचं चाक, नवी चेन एकदमच घाला.

लिंकनचं ४३० इंजिन विलक्षण आहे: सिलिंडर हेड सपाट, ज्वलनकक्ष ब्लॉकमध्येच, आणि त्यासाठी ब्लॉकचा माथा तिरका कापलेला. मजबूत, पण फोर्डच्या त्या कुळात एकूणच कमी बनलेलं, त्यामुळे सुटे भाग महाग आणि कमी. १९६६ ला ४६२ घनइंची इंजिन आलं, कूळ तेच. सोबत आलेला सी-६ गिअरबॉक्स मात्र सर्वत्र मिळतो. १९६८ च्या मध्यावर ४६० इंजिन आलं, ते फोर्डच्या ट्रकांतही भरपूर वापरलं गेलं. म्हणजे सोयीच्या दृष्टीने सगळ्यात शहाणी लिंकन १९६९ ची. सगळ्यात देखणी मात्र १९६१ ची. त्यांच्यातली तडजोड म्हणजे १९६५: पुढे डिस्क ब्रेक, १५ इंची चाकं, मागे पाय ठेवायला जागा.

लिंकनचे वायपर विजेवर चालत नाहीत, पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या दाबावर चालतात. आवाज जवळपास नसतो आणि वेग हवा तसा कमीजास्त होतो. जुनी सील गळू लागली की तेल मात्र बॉनेटखाली पसरतं. वायपर फिरवून पाहा आणि मोटरभोवती बोट फिरवा. दारांची कुलुपं पुष्कळ गाड्यांत व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या शोषणावर आहेत. कॅडिलॅकमध्येही व्हॅक्यूमचं जाळं कमी नाही. गिअर ड्राइव्हमध्ये टाकला की पार्किंग ब्रेक आपोआप सुटतो तो व्हॅक्यूमनेच. गाडी बंद केल्यावर काही मिनिटांत हे सगळं मेलं, तर कुठेतरी नळी चिरली आहे. फुटाला काही सेंटचं रबर, पण शोधायला दोन दिवस.

टप उघडणारी गाडी घ्यायची असेल तर दोघींतला फरक प्रचंड आहे. डे व्हिल कन्व्हर्टिबल (शेवटचं वर्ष १९७०) म्हणजे एक हायड्रॉलिक पंप आणि दोन सिलिंडर, बस. चार दारी लिंकन कन्व्हर्टिबलमध्ये (१९६१ ते ६७) डिकीचं झाकण मागच्या बाजूला उलटं उघडतं, पूर्ण टप आत जातो, मागचं दार उघडताच त्याची काच आपोआप थोडी खाली सरकते. यामागे मोटरी, हायड्रॉलिक, डझनभर रिले आणि जागोजागी लिमिट स्विच (भाग ठरल्या जागी पोचला की मोटर थांबवणारे) आहेत. एक स्विच चिकटला तरी टप अर्ध्यात हवेत थांबतो. अशा वेळी हाताने ओढलं की पट्ट्या वाकतात आणि खर्च दहापट होतो. इंजिन चालू ठेवून, म्हणजे बॅटरी कमजोर असल्याचा बहाणा राहणार नाही, टप दोनदा पूर्ण उघडून मिटायला सांगा. 'फक्त एक रिले गेलाय' हे वाक्य ऐकलं तर किंमत पाडा, किंवा निघा. टप खाली असताना डिकीत सामानाला जवळजवळ जागा उरत नाही, हेही लक्षात असू द्या.

लिंकनचा ओळख क्रमांकही वाचून घ्या. १९६५ च्या गाडीत पहिला अंक ५ म्हणजे वर्ष, पुढे विक्सम कारखान्याचं वाय हे अक्षर, मग ८२ असेल तर सेडान आणि ८६ असेल तर कन्व्हर्टिबल. कन्व्हर्टिबलला सेडानच्या कित्येक पट भाव मिळतो, म्हणून हा आकडा आधी पाहायचा.

रिस्टोर केलेली की जपलेली? आम्ही जपलेलीच्या बाजूने आहोत. १९६६ ला कॅडिलॅकने सुमारे १,९६,००० गाड्या बनवल्या आणि लिंकनने सुमारे ५५,०००, त्यामुळे मूळ स्थितीतली कॅडिलॅक शोधायला सोपी, लिंकनला वाट पाहावी लागते. पण एका बंपरचं क्रोम करायलाच सहज हजार डॉलरच्या वर जातात. मूळ क्रोम, मूळ काचा, मूळ कापड धड असलेली गाडी जास्त भाव देऊनही शेवटी स्वस्त पडते. इंजिन बांधून मिळतं, हरवलेली चकचकीत पट्टी नाही.

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी घेतली तर लगेच किल्ली फिरवू नका. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, एक रात्र राहू द्या, मग इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकी धुवा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला सडवतं, म्हणून इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाच्या घाला. ब्रेकच्या रबरी नळ्या बाहेरून धड दिसतात आणि आतून सुजून बंद झालेल्या असतात. लाइनर कसेही असोत, नळ्या नव्याच. कॅडिलॅकला दुहेरी सर्किटचे ब्रेक १९६२ पासून आहेत. जुनी लिंकन घेताना मास्टर सिलिंडर एकेरी की दुहेरी ते पाहा, एकेरी असेल तर एका गळतीत चारही चाकांचे ब्रेक जातात. टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, दहा वर्षांपुढचा टायर भेग नसली तरी बाद. दोन्ही गाड्यांच्या १५ इंची रिमवर २३५/७५ आर १५ रेडियल नीट बसतात. तेलात झिंक भरपूर असावं, नाहीतर कॅमशाफ्ट घासतो. पेट्रोल ९१ किंवा ९३ ऑक्टेनचं लागतं आणि लिटरला चार-साडेचार किलोमीटर मिळाले तर तक्रार करू नये.

विमा 'ॲग्रीड व्हॅल्यू'चा, आधीच ठरवलेल्या किमतीचा घ्या, म्हणजे अपघातानंतर कंपनी बाजारभावावर घासाघीस करत नाही. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या मॉडेलना धुराची चाचणी लागत नाही. आणि पैसे देण्याआधी गॅरेजची लांबी फितीने मोजा, दार मिटल्यावरची.

दोन्ही पटत नसतील तर १९६४ ते ६६ ची क्रायसलर इम्पीरियल बघा. एल्वूड एंगल १९६१ मध्ये क्रायसलरला गेले आणि हिच्यावरही त्यांचाच हात फिरला, म्हणून कडेची सरळ रेघ ओळखीची वाटते. चॅसी वेगळी आणि भक्कम, पुढे स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार (पीळ घेणारे दांडे), आणि इंजिन व टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्सचे भाग इतर क्रायसलर गाड्यांशी जुळणारे. भाव लिंकनपेक्षा बराच कमी असतो. अडचण एकच: बाहेरची पट्टी, दिव्याची काच किंवा आतलं बटण फक्त इम्पीरियलचं असतं आणि गाड्याच थोड्या बनल्या. त्यामुळे ती घ्यायची तर एकही तुकडा न हरवलेलीच घ्या.