राज्याने चालवलेली लॉटरी की वितरकामार्फतची?

केरळमध्ये 1967पासून सरकारी खातंच तिकिटं छापतं, एजंटांना विकतं आणि सोडत काढतं. विक्रीतून बक्षिसं, कमिशन, कर आणि छपाई वजा जाता उरेल तो नफा थेट राज्याचा. विक्री वाढली की नफाही वाढतो. न खपलेल्या तिकिटांचा फटका मात्र एजंटाला बसतो, आणि तो बहुधा गरीब फेरीवाला असतो.

सिक्कीम, नागालँडसारखी छोटी राज्यं वितरक नेमतात. केंद्राच्या 2010च्या लॉटरी नियमांनुसार वितरकाकडून राज्याला दर साध्या सोडतीमागे किमान 5 लाख, बंपरला 10 लाख मिळालेच पाहिजेत. रक्कम हमखास मिळते, विक्रीयंत्रणा उभारावी लागत नाही. पण विक्रीचा खरा आकडा वितरकाच्या हातात. न खपलेल्या तिकिटांचा हिशेब सोडतीआधी काटेकोर घेतला नाही, तर महसूल तिथेच गळतो. आमच्या मते पारदर्शकतेत केरळच सरस.

जीएसटी दोन्हींना सारखाच, 22 सप्टेंबर 2025पासून 40 टक्के. किंमत करासकट धरतात, म्हणून 50 रुपयांच्या तिकिटात कर 14.29 रुपये, 28 टक्क्यांच्या काळात तो 10.94 होता. हा फरक बक्षिसं, कमिशन किंवा नफा यांतूनच निघतो.

केरळचं तिकीट लागलं, तर मागे नाव-पत्ता लिहून सही करा आणि 30 दिवसांत दावा करा.