टॉवरखाली उभं राहून तपासलेले दोन सिग्नल-ब्लॉकिंग पाऊच

एक साडेतीनशे रुपयांचा, दुसरा साडेअकराशेचा. फोन आत टाकून तोंड बंद केलं की नेटवर्क, वाय-फाय, ब्लूटूथ, जीपीएस सगळं बंद, तुम्ही कुठे आहात याचा कुणाला पत्ता लागणार नाही, असा दोन्हींचा दावा. स्वस्तातल्याच्या खोक्यावर ‘मिलिटरी ग्रेड’ आणि ‘शंभर टक्के रेडिएशन फ्री’ असंही छापलंय. कंपन्यांची नावं मुद्दामच लिहीत नाही. एकच माल चार नावांनी विकला जातो, त्यामुळे लेबलापेक्षा शिलाई बघितलेली बरी.

माझी नोकरी मोबाईल टॉवरच्या कामात गेली. जीपमध्ये लॅपटॉप आणि हँडसेट घेऊन सातारा-कराड पट्ट्यात ड्राइव्ह टेस्ट करत फिरायचं, रेंज कुठे पडते ते शोधायचं. लोकांना रेंज मिळावी म्हणून जन्मभर खटपट केली आणि रिटायर झाल्यावर रेंज घालवणारी पिशवी तपासतोय, याचं घरच्यांना भारी हसू येतं. पाऊच मागवायला लावले भाचीने. ती एका महिला समुपदेशन केंद्रात काम करते. घर सोडून आलेली बाई तिथे पोचते आणि दुसऱ्या दिवशी नवरा नाहीतर दीर दारात उभा, असे प्रकार होतात. “मामा, फोन या पिशवीत टाकला की झालं ना?” एवढाच तिचा प्रश्न होता.

आधी पाऊचचं सांगतो. घरात हॉलमध्ये बसून तपासलं तर दोन्ही पास. दुसऱ्या फोनवरून रिंग केली की बाई सांगते, ‘आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.’ ऑनलाइन पाच-पाच स्टार देणारे बहुतेक इथेच थांबतात. पण माझ्या हॉलमध्ये सिग्नल मुळात उणे शंभर डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर) आसपास, म्हणजे आधीच मरगळलेला. त्यात पंचवीस-तीस डेसिबलची घट झाली की फोनने मान टाकलीच. खरी परीक्षा टॉवरजवळ. आमच्या मागच्या गल्लीतल्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर आहे, त्याच्या समोरच्या गच्चीवर फोन उणे पासष्ट दाखवतो. सिग्नलची नोंद ठेवणारं ॲप चालू करून फोन स्वस्त पाऊचमध्ये टाकला आणि नंतर आलेख बघितला. उणे नव्वदच्या वर-खाली, म्हणजे मस्त चाललेला फोन. आत रिंगही वाजत होती.

डेसिबलचा हिशेब असा की दर दहाला शक्ती दहा पटीने उतरते. तीस म्हणजे हजार पट, साठ म्हणजे दहा लाख पट. ऐकायला हजार पट मोठं वाटतं, पण मोबाईल त्याहून कितीतरी जास्त फरक सहज पचवतो. तो बनवलाच तसा आहे. शहरात राहणाऱ्याने साठच्या खालचा पाऊच घेऊच नये. खोक्यावर डेसिबलचा आकडा आणि तो कोणत्या फ्रिक्वेन्सीला मोजलाय हे दिलं नसेल तर पुढचं वाचायचं कष्ट घेऊ नका.

महागाच्या पाऊचला आत चांदीसारख्या कापडाचे दोन थर आहेत, आणि तोंड दोनदा घडी घालून वेल्क्रोने बंद होतं. दोन्ही घड्या नीट घातल्या तर टॉवरसमोरही आलेख सपाट, सर्व्हिस गायब. एकच घडी घातली की फोन अधूनमधून नेटवर्क धरतो. याचं कारण कापडात नसून फटीत आहे. मोबाईलच्या 1800 मेगाहर्ट्झची लहर साधारण सतरा सेंटिमीटरची, तिची अर्धी साडेआठ. पाऊचचं तोंड दहा सेंटिमीटर रुंद. अर्ध्या लहरीएवढी लांब फट नीट मिटली नाही तर ती स्वतःच अँटेनासारखी वागते. 3500 मेगाहर्ट्झच्या 5जीला तर चार-साडेचार सेंटिमीटरची फटही पुरते. स्वस्त पाऊचला नुसता चुंबकाचा फ्लॅप आहे, कडांना उघडाच. आणि पॉवर बँक बाहेर ठेवून केबल आत सोडायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. ती केबल सिग्नल आत नेते.

घरगुती उपायही करून पाहिले, कारण पाऊचवर पैसे का घालवले हा प्रश्न सौभाग्यवतींनी विचारलाच. स्टीलचा डबा टॉवरसमोर नापास, झाकणाच्या फटीमुळे. बंद मायक्रोवेव्हमध्येही फोन वाजला. त्याची जाळी नि दार 2450 मेगाहर्ट्झ आत कोंडण्यासाठी बनवलेलं असतं, मोबाईलचे 900 अडवणं हे त्याचं कामच नाही. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल मात्र तीन-चार वेढे आणि कडा दुमडून घेतला तर महागाच्या पाऊचच्या तोडीस तोड. फक्त प्रत्येक वेळी नवा फाडायचा. ऑस्ट्रेलियात पर्थचा एक इलेक्ट्रिशियन कंपनीने दिलेलं जीपीएसवालं यंत्र चिप्सच्या पाकिटात ठेवायचा आणि कामाच्या वेळेत गोल्फ खेळायला जायचा. जीपीएसला पाकीट पुरतं, कारण उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत अगदी क्षीण झालेला असतो. त्या इलेक्ट्रिशियनची नोकरी गेली आणि 2017 मध्ये तिथल्या कामगार न्यायाधिकरणानेही ती परत दिली नाही.

‘रेडिएशन फ्री’चं काय? अर्धवट अडवणाऱ्या पाऊचमध्ये फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावतो. स्वस्तातल्यातून बाहेर काढलेला फोन कोमट झाला होता आणि बॅटरी चांगलीच उतरली होती. पूर्ण बंद पाऊचमध्येही नेटवर्क शोधत राहिल्याने बॅटरी जातेच, म्हणून आत टाकण्याआधी फ्लाइट मोड लावा.

मग नुसता फ्लाइट मोड का नको? पुष्कळ जणांना तेवढा पुरेल. पण अनेक फोनमध्ये फ्लाइट मोडवर जीपीएस चालूच राहतं, वाय-फाय-ब्लूटूथही चालू ठेवता येतं. नवे आयफोन तर बंद केल्यावरही ॲपलच्या हरवलेला फोन शोधणाऱ्या ‘फाइंड माय’मध्ये सापडू शकतात. पाऊचचा फायदा एवढाच की सॉफ्टवेअरच्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

आता भाचीच्या प्रश्नाकडे. पाऊच फोनला मुका-बहिरा करतो, त्याची आठवण पुसत नाही. प्रवासभर फोन आत होता आणि केंद्रात पोचल्यावर आईला फोन करायला बाहेर काढला, तर त्याच क्षणी नवा ठिकाणा गूगलच्या लोकेशन शेअरिंगवर जातो, शेवटचं कधी अपडेट झालं त्या वेळेसकट. नवऱ्याने तिच्या फोनवर स्वतःचा जीमेल टाकून ठेवलेला असतो, नाहीतर ‘फॅमिली’ नावाचं एखादं ॲप. टॉवरचा डेटा काढायला पोलिसांची यंत्रणा लागते. नवऱ्याला पासवर्ड पुरतो. म्हणून तिला सांगितलं, पाऊच वाटेपुरता. बाहेर काढायच्या आधी दुसऱ्या फोनची सोय ठेव, आणि जुना उघडायचा तो केंद्राबाहेर, दूर कुठेतरी, शेअरिंग नि अकाउंटं तपासायला. मारहाणीची भीती असेल तर वाटेतही पूर्ण बंद ठेवू नको. पाऊचमधून 112 लागत नाही.

टॉवरच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, ती खोक्यावर नसते. फोन रीतसर बंद केला तर तो जाताना नेटवर्कला ‘निघालो’ असा संदेश पाठवतो. पाऊचमध्ये टाकलेला निरोप न घेता गायब होतो. नेटवर्क ठरावीक वेळ त्याच्या हजेरीची वाट बघतं आणि मग त्याला गैरहजर मांडतं. शेवटचा सेल (म्हणजे टॉवरचा टापू), शेवटची वेळ नोंदीत राहते. आपल्याकडे कॉलच्या नोंदी कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात, डिसेंबर 2021 पासून. तेव्हा ‘मी तिथे नव्हतोच’ म्हणायला हा पाऊच उपयोगी नाही, आणि तसल्या गिऱ्हाइकाला माझ्याकडून सल्लाही नाही.

कायद्याचं लोक विचारतात. जॅमर वेगळा, तो स्वतः लहरी सोडून आजूबाजूच्या सगळ्यांचे फोन पाडतो. सरकारी परवानगीशिवाय तो वापरणं बेकायदा आहे, दूरसंचार विभागाने जुलै 2022 मध्ये तसं पुन्हा बजावलंय. पाऊच काहीच सोडत नाही, तो नुसतं कापड आहे. आणि आपण कुठे आहोत ही खाजगी गोष्ट आहे असं म्हणायला लाजायचं कारण नाही. जामिनावर सुटलेल्या आरोपीलाही गूगल मॅपवरची पिन तपास यंत्रणेला सतत दाखवायला लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 8 जुलै 2024 ला सांगितलं. त्या खंडपीठावर आपले न्यायमूर्ती अभय ओक होते.

स्वस्ताला एक स्टार, तोही चुंबक चांगला आहे म्हणून. महागाला चार. एक कापला, कारण घडीच्या रेषेवर आतलं कापड आत्ताच काळपट पडायला लागलंय. तिथली चांदी झिजली की पाऊच फक्त दिसायला उरतो. दर महिन्याला रिंग करून तपासा. नवीन घेतलात तर रिटर्नची मुदत संपायच्या आत एखाद्या टॉवरसमोर जाऊन रिंग करा, दोन्ही सिमवर, आणि ब्लूटूथ स्पीकर शेजारी ठेवून गाणं तुटतं का तेही बघा.